खरकटं, अर्धी बादली

गळ्याशप्पथ सांगते, ह्यातला शब्दन् शब्द खरा आहे. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. ज्याला पटत नसेल त्यानं आत्ताच उठावं, मागाहून "आजी, थापा मारतेस" म्हणायचं नाही. मी थापा मारते, नाही असं नाही. पण त्या मारताना माझी उजवी भुवई वर जाते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आत्ता बघा. दोन्ही भुवया जागच्या जागी.

तर माझा थोरला भाऊ, आमचा दादा, एका छोट्या मालवाहू जहाजाचा कप्तान होता. जहाज मालकाचं, पण चाळीस वर्षं चालवलं दादानं. सिमेंट, पत्रे, मीठ, पाइप, जे मिळेल ते ह्या बंदरातून त्या बंदरात. इंजिन आमच्या ह्यांच्याकडे. स्वयंपाक माझ्याकडे. आणि डेकवर एक लंबू होता, तो कधी बोलायचा नाही, ह्या गोष्टीतही बोलणार नाही.

दादाला समुद्र पाठ होता. पाण्याचा रंग बघून खाली वाळू आहे का खडक ते सांगायचा. आकडे तर त्याचे दोस्त. होकायंत्र, घड्याळ, खोली, वजन, सगळं झरझर वाचायचा. पण अक्षरं नाही. एकसुद्धा नाही. त्याच्या काळी परीक्षा तोंडी असायची. समोरच्या साहेबानं दोरी टाकली, दहा गाठी मारून घेतल्या, वारा विचारला, भरती विचारली आणि दिला परवाना. सही म्हणून दादा एक वेलांटीसारखं काहीतरी काढायचा, झोकदार. बाकी सगळे कागद मी करायचे, कारण मी सातवी पास. लोकांना वाटायचं, केवढा मोठा कप्तान, कागदाला हात लावत नाही. कुणी फारच पुढ्यात कागद धरला तर म्हणायचा, "चष्मा खाली राहिला." त्याला चष्माच नव्हता.

हे फक्त मला आणि आमच्या ह्यांना माहीत. मालकाला नाही, वहिनीलाही नाही. वहिनी गेली बिचारी, तिला शेवटपर्यंत वाटत होतं की आपल्या नवऱ्याचे डोळे अधू आहेत.

मग एक दिवस पत्र आलं. आतापर्यंत मोठ्या जहाजांनाच कचऱ्याची वही ठेवावी लागायची, आता आमच्यासारख्या लहानांनाही लागणार. जहाजावरून जो काही कचरा निघेल, खरकटं, प्लास्टिक, तेलाच्या चिंध्या, तो कधी, कुठं, किती दिला, त्याची प्रत्येक वेळी नोंद. आणि नोंद कप्तानानंच करायची, स्वतःच्या हातानं. तपासनीस येऊन वही उघडायला लावेल, वाटलं तर वाचून दाखवायला सांगेल.

मी वाचत होते, दादा कांदा चिरत होता. म्हणजे कांदा मी चिरत होते, पण पत्र वाचायला घेतलं म्हणून सुरी त्यानं घेतली. त्याचा हात थांबला.

"स्वतःच्याच हातानं असं लिहिलंय?"

"असंच लिहिलंय."

"स्वयंपाकिणीच्या हातानं चालेल असं कुठं?"

"नाही रे दादा."

त्यानं उरलेला कांदा इतका बारीक चिरला की पातेल्यात टाकला तर दिसेना.

खाली आणखी एक परिच्छेद होता. नियम लागू करायच्या आधी लहान जहाजांना त्याचा किती खर्च पडेल ते सरकारला बघायचं आहे. त्यासाठी एक अधिकारी जहाजावर येतील, समोर नोंद करून घेतील आणि लागणारा वेळ मोजतील. तीन आठवड्यांनी.

आमचे हे इंजिनातून वर आले होते, हातभर काळे. म्हणाले, "समोर लिहायला लावणार आणि घड्याळ लावणार? म्हणजे परीक्षाच की."

आता इथं आमची चूक झाली. पण तुम्हीच सांगा, आमच्या जागी कोण काय समजलं असतं? चाळीस वर्षांत जहाजावर जो कुणी कागद घेऊन चढला तो काहीतरी खोट काढायलाच चढला. आग विझवायच्या बादल्या लाल आहेत का, बुडताना घालायची जॅकेटं मोजून आहेत का. अधिकारी येणार म्हटलं की आम्ही आदल्या दिवशी सगळं घासूनपुसून, रंग मारून ठेवायचो. हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं. खर्च बघायला कुणी येतं आणि त्याला आपली अडचण दाखवायची असते, हे आम्हाला कुणाच्या बापानं शिकवलं नव्हतं.

"एक ओळ," मी दादाला म्हटलं. "एकच ओळ शिकायची. तीन आठवडे आहेत. गाठी कशा शिकलास?"

"दोरीनं."

"मग आण दोरी."

मी बारीक दोरीची अक्षरं करून स्वयंपाकघरातल्या टेबलावर चिकटवली. 'खरकटं, अर्धी बादली, बंदरात दिलं.' एवढंच. आकडे आणि तारीख त्याला येत होतीच. तो डोळे मिटून त्या अक्षरांवरून बोटं फिरवायचा, मग पेन घ्यायचा. एकसष्ट वर्षांचा माणूस, लाटेत दहा टनांची ओढ घेणारी दोरी सांभाळणारा, त्या पेनानं घामाघूम व्हायचा.

आणि बोलायचा किती! "हा क ठीक आहे. दोन्ही बाजूंना वजन आहे. पण हा ब बघ तुझा. सगळा माल एका बाजूला लादलाय. पहिल्या लाटेत आडवा होईल."

"तो तसाच असतो."

"आणि ह्या अर्धीच्या डोक्यावर निशाण कसलं?"

"तो र आहे."

"र तर खरकट्यात खाली उभा होता."

"इथं वर चढलाय."

"कशाला?"

"मला काय विचारतोस, मी चढवलाय का?"

"तुमच्या शाळेत शिस्त नाही," दादा म्हणाला.

वरच्या रेघेचं त्याला कोडं सुटेना. मी म्हटलं, "अरे, अक्षरं खाली पडू नयेत म्हणून." तेव्हा एकदम खूश झाला. "म्हणजे दांडी! कपडे वाळत घातलेत!" तेव्हापासून तो आधी पट्टीनं ओढल्यासारखी सरळ रेघ ओढायचा, मग एकेक अक्षर तिला लटकवायचा. पहिल्या दिवशी एका ओळीला पाऊण तास लागला. पाऊण तास! हे लक्षात ठेवा. तिसऱ्या आठवड्यात पाच मिनिटं.

अधिकारी म्हणून आली एक बाई, सकाळी नऊला. सपाट चपला, खांद्याला पिशवी, गळ्यात दोरीला लटकवलेलं गोल घड्याळ. जहाज धक्क्याला बांधलेलं होतं तरी तिचा चेहरा पिवळा पडला. मी लिंबूसरबत दिलं. स्वभावानं गोड होती हो. तिच्यात वाईट काही असतं तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

"कप्तानसाहेब," ती म्हणाली, "माझ्याकडे लक्षच देऊ नका. रोज करता तसंच करा."

दादानं नवा सदरा घातला होता. खरकट्याची बादली उचलून बघितली, घड्याळ बघितलं, वही उघडली. रेघ ओढली.

"आधी रेघ?" बाईनं विचारलं.

"आधी दांडी, मग कपडे," दादा म्हणाला, आणि ती खुदकन हसली. तिला वाटलं खलाशांची रीत असेल.

मी शेगडीपाशी उभी, हातात रिकामा झारा. आमचे हे दारात. ख लटकला. र लटकला. अर्धीवर निशाण चढलं. ब आडवा न होता उभा राहिला. शेवटी दादानं आपली वेलांटी काढली, झोकात, आणि पेन ठेवलं.

बाईनं घड्याळ दाबलं. "चार मिनिटं दहा सेकंद."

आमच्या ह्यांनी शीळ घातली. मी झारा ठेवला आणि पदरानं डोळे पुसले, कांद्याचं निमित्त करून, आणि कांदा नव्हताच. दादा खुर्चीत असा मागं रेलला, जसा काही वादळातून जहाज काढून आणलंय. माझ्या लग्नातसुद्धा त्याचा चेहरा इतका फुललेला मी पाहिला नव्हता.

मग चहा. आणि चहाबरोबर ती बाई मोकळेपणानं सांगायला लागली की ती काय करते. चार मिनिटं, गुणिले वर्षात किती नोंदी, गुणिले कप्तानाचा तासाचा पगार, अधिक वहीची किंमत. असं सहा जहाजांवर मोजायचं, सरासरी काढायची, अहवाल द्यायचा.

"खरं सांगू का," ती म्हणाली, "मला वाटलं होतं लहान जहाजांवर खूप वेळ जाईल. माणसं कमी, कामं जास्त. वीस मिनिटांच्या वर सरासरी गेली असती ना, तर मला लिहिता आलं असतं की एवढ्या लहान जहाजांना ह्यातून वगळा. साहेबांची तयारी होती. पण कुठलं काय! पहिल्या जहाजावर पाच मिनिटं, दुसऱ्यावर सहा, तिसऱ्यावर तर साडेतीन."

"साडेतीन कुणाला लागली?" दादानं विचारलं. जरा दुखावलाच होता.

मग त्याला कळलं. मला आधीच कळलं होतं. चहाचा कप माझ्या हातात होता आणि तो कुठं ठेवायचा ते सुचेना. प्रत्येक जहाजावर आदल्या दिवशी बादल्या रंगवल्या असणार. प्रत्येकानं आपापली एक ओळ घोटली असणार.

"म्हणजे," आमचे हे म्हणाले, "उशीर लागला असता तर बरं?"

"तुमच्यासाठी बरं," बाई हसली. "पण तुम्ही पडला हुशार!"

मी बोलायला लागले. मला गप्प बसता येत नाही, आणि त्या वेळी तर तोंडाला पाय फुटले. म्हटलं, "बाई, आज त्याचा हात हलका होता, उद्या परत मोजा." ती म्हणाली, "काकू, दुसऱ्यांदा तर आणखी लवकर होतं. पहिलंच धरायचं असा नियम आहे." म्हटलं, "आमच्याकडे कचरा फार निघतो, एकेका दिवशी दोनदोनशे नोंदी." ती म्हणाली, "चार माणसांचा?" म्हटलं, "समुद्र आणून टाकतो ना! एकदा लाटेनं डेकवर कपाट आणून ठेवलं, आत हँगरसकट कोट. एकदा वाऱ्यानं माझ्या पातेल्याचं झाकण उडवलं. आम्ही पुढच्या बंदरात पोचलो तर ते आमच्या आधी धक्क्यावर पोचलेलं, आणि एक हमाल त्यात चहा ओतून पीत बसलेला. आता त्याची नोंद कुठल्या बंदराची करायची, सांगा." बाई इतकी हसली की तिची मळमळ गेली. म्हणाली, "काकू, तुम्हालाच अहवालात घालायला हवं." आणि फॉर्मवर चार लिहिलं. वरचे दहा सेकंदही सोडून दिले.

ती निघाली तेव्हा मी तिला शिडीपर्यंत सोडायला गेले. तिथं मी तिचा दंड धरला आणि कानाशी सांगून टाकलं. म्हटलं, "बाई, माझ्या दादाला लिहिता येत नाही. एवढी एकच ओळ येते, ती तीन आठवडे घोटून घेतलीय. पहिल्या दिवशी पाऊण तास लागला होता, ते लिहा." तर तिनं माझ्याकडे बघितलं आणि परत हसायला लागली. "काकू, झाकणासारखंच का हे पण? मी डोळ्यांनी बघितलं की! काय सुंदर अक्षर आहे त्यांचं." आणि गेली उतरून. आता ह्यावर माणसानं काय करावं? खरं सांगून पाहिलं, पटलं नाही. माझं तोंडच तसलं.

चार महिन्यांनी अहवालाचं पत्रक आलं. मी वाचून दाखवलं. लहान जहाजांवर पडणारा खर्च नगण्य.

"नगण्य म्हणजे?" दादानं विचारलं.

"म्हणजे मोजण्याइतका नाही."

"पण मोजला तर होता," दादा म्हणाला.

नियम लागू झाला. वही आली, जाडजूड, पानांवर आकडे छापलेले. दादा रोज ओळ लिहायचा. खरकटं, अर्धी बादली, बंदरात दिलं. कधी बादली भरून निघाली तर मी अर्धी माझ्याकडे ठेवायचे, कारण वहीत अर्धीच यायची. कमी निघाली तर भातात जास्त पाणी घालून बिघडवायचे. खरकटं पुरवायला मी स्वयंपाक करत होते, असं म्हटलं तरी चालेल.

दुसरी ओळ शिकवायचा प्रयत्न मी केला नाही असं समजू नका. दोरी आणली, 'प्लास्टिक' केलं. दादा बराच वेळ बोटं फिरवत बसला. "ह्यात अक्षरं एकमेकांच्या मांडीवर बसलीत," म्हणाला. तेल लागलेल्या चिंध्यांचंही तेच. रात्रंदिवस घोटलं तरी सकाळी हातातून खरकटंच उतरायचं. एका दोरीची जागा होती डोक्यात, ती भरली. एकदा त्यानं दोरी टेबलावरून ओरबाडून काढली आणि गुंडाळून परत माझ्या हातात दिली, नीट, चार फेरे घेऊन, टोक खोचून. रागातसुद्धा दोरी नीट ठेवायचा.

मग काय करायचं? नोंद करता येत नाही तर कचराच द्यायचा नाही. प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या, डबे, इंजिनाच्या चिंध्या, सगळं आम्ही पोत्यांत भरून माझ्या बिछान्याखाली ठेवायला लागलो. बिछान्याखाली मावेना तेव्हा ह्यांच्या. तीन महिन्यांत मी छताला नाक लावून झोपत होते. ह्यात थाप नाही, नाकाला रंग लागायचा. उतरताना बाजारहाट केल्यासारखं कापडी पिशवीत थोडं थोडं घरी न्यायचो. शेजारीण एकदा म्हणाली, "केवढी खरेदी करता हो तुम्ही!"

आमचे हे म्हणायचे, "मालकाला सांगून टाकू." दादा म्हणायचा, "सांगून काय? चाळीस वर्षं खोटं बोललो हे पण सांगू?" मालकाला एकदा मी आडून विचारलं, वही मी लिहिली तर? तो म्हणाला, "अहो ताई, एक ओळ तर लिहायची. चार मिनिटांचं काम, सरकारनंच मोजलंय." तो आकडा आमच्याच जहाजावरचा होता.

पाचव्या महिन्यात तपासनीस आला. भर दुपारी, माल उतरत असताना. तरुण होता, घाईत होता. वही चाळली, पुढं, मागं, परत पुढं.

"कप्तान, हे काय? दीडशे दिवस रोज अर्धी बादली?"

"आम्ही नेमानं जेवतो," मी म्हटलं.

"तुम्हाला नाही विचारलं, आजी." पन्नाशीची नव्हते मी तेव्हा! मेल्यानं आजी म्हटलं. "प्लास्टिक कुठाय? चिंध्या कुठायत? जहाजावर इंजिन आहे ना?"

मग त्यानं शोधलं, आणि शोधायला काही लागलंच नाही, पहिलंच दार उघडल्यावर पोतं त्याच्या पायावर पडलं. एकूण एकोणीस पोती निघाली. तो रागावला नाही, चक्रावला. बेकायदा काही सापडलं असतं तर त्याला कळलं असतं. पण जहाजावर कचरा जपून कोण ठेवतं?

"समुद्रात नाही टाकलंत, ते चांगलं केलंत," म्हणाला. "दंडबिंड काही नाही. आत्ता धक्क्यावर द्या आणि माझ्यासमोर नोंद करा. चिंध्या, सात पोती. प्लास्टिक, बारा पोती. झालं."

खरंच एवढंच. एवढ्यावर तो निघून जाणार होता.

दादा टेबलाशी बसला. नवा सदरा नव्हता, मिठानं पांढरा झालेला कामाचा होता. त्यानं तारीख घातली. वेळ घातली. मग रेघ ओढली, पानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ, सुरेख. आणि पेन त्या रेघेखाली धरून बसला.

मी तोंडानं अक्षरं सांगायला लागले, हळूच. त्यानं मान हलवली, नको म्हणून. तपासनीसानं घड्याळ बघितलं. वर क्रेन करकरत होती. आमचे हे काही कारण नसताना चिंधीनं हात पुसत होते.

"काय झालं कप्तान? चष्मा देऊ?" त्यानं खरोखरच स्वतःचा चष्मा काढला डोळ्यांवरचा.

दादानं पेनाला टोपण लावलं. म्हणाला, "नको साहेब. चष्म्यानं नाही होणार."

त्या पोराला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याची मान लाल झाली, जणू त्याचंच काही चुकलं. म्हणाला, "मला हे लिहावं लागेल." दादा म्हणाला, "लिहा की. तुम्हाला येतं."

त्यानं लिहिलं. मालकाकडे पत्र गेलं. मालक घरी आला, वाईट वाटलं म्हणाला, चहा अर्धाच घेतला. आठवड्यात नवा कप्तान आला. भराभरा लिहितो म्हणे, प्लास्टिक, चिंध्या, राख, सगळं. दोन वर्षांत त्यानं जहाज दोनदा वाळूत रुतवलं, पण वही चोख.

आम्ही दोघांनीही काम सोडलं. दादा आमच्याकडे राहायला आला. कुणी विचारलं तर डोळ्यांचं कारण सांगायचा. मी पुन्हा दोरी काढली होती एकदा, आता घाई नाही, निवांत शिक म्हटलं. तो म्हणाला, "आता कशाला?" मी दोरी त्याच्यासारखीच चार फेरे घेऊन, टोक खोचून ठेवून दिली. अकरा वर्षं होता आमच्यात. गेला तेव्हा मीच सगळे कागद केले.

झालं. सगळं खरं सांगितलं.

म्हणजे, एक सोडून. आता शपथ घेतलीय म्हणून सांगते. शिडीपाशी त्या बाईचा दंड धरून मी तिला खरं सांगितलं, आणि ती हसली, असं म्हटलं ना मी? ते नाही झालं. दंड धरला होता. तोंडाशी आलं होतं. ती थांबलीसुद्धा, "काय काकू?" म्हणाली. घड्याळ गळ्यात, फॉर्म पिशवीत, पेन हातातच होतं तिच्या. पण वर कठड्याशी दादा उभा होता, नव्या सदऱ्यात, तिला निरोप द्यायला, आणि त्याच्या चेहऱ्यावर ती चार मिनिटं थोडी थोडी अजून शिल्लक होती.

मी म्हटलं, "जपून उतरा, शिडी ओली आहे."